चिकटणे, वाहणे आणि सुटणे : लोहखनिजाच्या गोळ्यांच्या मापनाचा इतिहास

१

काही वर्षांपूर्वी धातुविद्येच्या मराठी परिभाषेचे संकलन करणाऱ्या एका मंडळात काम करण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. लेखकाचे क्षेत्र भाषाविज्ञानाचे. धातूंशी त्याचा संबंध शब्दांपुरताच. लोहखनिजाच्या गोळ्या तप्त भट्टीत कशा वागतात, याविषयीच्या प्रकरणात तीन वेगवेगळ्या इंग्रजी संज्ञा आल्या होत्या. तिन्हींपुढे मी 'चिकटणे' हे एकच क्रियापद लिहून ठेवले होते, आणि भाषेच्या काटकसरीच्या दृष्टीने ते मला प्रशस्तही वाटले होते. बैठकीस भट्टीवर सारे आयुष्य घालविलेले एक निवृत्त पर्यवेक्षक उपस्थित होते. त्यांनी यादी वाचली आणि शांतपणे म्हटले, "गुरुजी, ही तीन वेगळी आहेत. एक हातानं सुटतं, एक हातोडीनं सुटतं आणि एक सुटतच नाही."

त्या वेळी मी यादीत दुरुस्ती केली आणि पुढच्या शब्दाकडे वळलो. परंतु पुढे या विषयाचा इतिहास वाचीत गेलो तेव्हा ध्यानात आले की, त्या गृहस्थांनी एका वाक्यात जे सांगितले ते शास्त्रज्ञांना मापनपद्धतीच्या रूपाने मांडण्यास अनेक दशके लागली होती. या इतिहासात प्रगतीचे प्रत्येक पाऊल एकाच शब्दाखाली दडलेल्या दोन गोष्टी निराळ्या ओळखल्या गेल्या तेव्हा पडलेले दिसते. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने त्या इतिहासाचा मागोवा घेण्याचा विचार आहे.

२

प्रथम वस्तुस्थिती. लोहखनिज म्हणजे मुख्यत्वे लोह आणि प्राणवायू यांचे संयुग. त्यातील प्राणवायू कार्बन मोनॉक्साइड अथवा हायड्रोजन या वायूंच्या साहाय्याने काढून घेणे, यास क्षपण म्हणतात. शुद्ध लोखंड सुमारे १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. परंतु क्षपण त्याच्या कितीतरी खाली, आठशे-नऊशे अंशांवरही चांगले चालते. तेथे खनिज वितळत नाही. त्यातील प्राणवायू तेवढा निघून जातो आणि त्याच्या जागी असंख्य छिद्रे राहतात. या सच्छिद्र लोहाला 'स्पंज आयर्न' हे नाव पडले ते यामुळेच.

आधुनिक पद्धतीत खनिजाची बारीक पूड ओली करून फिरत्या तबकात अथवा पिंपात तिच्या गोळ्या वळतात आणि त्या सुमारे तेराशे अंशांवर भाजून कठीण करतात. लाडू वळताना जी दक्षता घ्यावी लागते तीच येथे असते. गोळीच्या आत कणाला कण धरला पाहिजे; पण गोळीने गोळीला धरता कामा नये. उभ्या भट्टीत या गोळ्या वरून टाकल्या जातात, खालून तप्त वायू वर चढतो, आणि कणगीच्या तळाशी छिद्र ठेवले असता जोंधळा जसा सरकत खाली येतो तशा गोळ्या आपल्या भाराने खाली येतात. हे सरकणे अखंड चालले तरच भट्टी चालते.

अडचण अशी की, नुकतेच जन्मलेले लोखंड अतिशय लगट करणारे असते. त्याच्या ताज्या पृष्ठावर प्राणवायूचे आवरण नसते. दोन गोळ्या उष्णतेत आणि वरच्या भाराखाली एकमेकींस टेकल्या की, त्यांच्या स्पर्शबिंदूंवर लोखंडाचे अणू इकडून तिकडे सरकून सांधा तयार होतो. भिजविताना पाणी अधिक पडलेल्या साबुदाण्याप्रमाणे सुट्या गोळ्यांचे घोस बनतात. घोस वाढले की भट्टीत कमान धरली जाते, खालचा माल उतरतो आणि वरचा अडून राहतो. वायू मोकळी वाट शोधून एकाच बाजूने निसटतो. मग भट्टी थंड करून माल फोडून काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

३

येथे इतिहासाचा एक विरोधाभास नोंदविण्याजोगा आहे. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी केलेल्या उत्खननात ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातील लोह गाळण्याच्या भट्टीचे अवशेष मिळाले. अशा लहान भट्ट्यांत लोखंड वितळत नसे. कोळशाच्या उष्णतेत खनिजातील माती आणि अक्षपित लोह-ऑक्साइड यांची मळी होई. ती सुमारे बाराशे अंशांवर पातळ होऊन वाहू लागे, आणि लोखंडाचे कण मागे राहून एकमेकांस चिकटत. त्यांचा जो ओबडधोबड गोळा तयार होई तो घणाखाली ठोकून उरलीसुरली मळी काढून टाकीत. म्हणजे प्राचीन लोहाराला मळी वाहावयास हवी होती आणि लोखंड चिकटावयास हवे होते. ते चिकटले नसते तर त्याच्या हाती राखेत मिसळलेला चुरा आला असता.

विसाव्या शतकातील अभियंत्यास नेमके याच्या उलट हवे होते. निसर्गाचा व्यापार तोच, तापमानही फारसे निराळे नव्हे. परंतु एका युगातील गुण दुसऱ्या युगात दोष ठरला. याचे कारण भट्टीच्या रचनेत आहे. नैकुंडची भट्टी एका खेपेची होती. गोळा तयार झाला की भट्टी उघडावयाची. नव्या भट्ट्या अखंड चालावयाच्या होत्या. चिकटणे हा दोष केव्हा ठरतो, याचे उत्तर वाहण्याची अपेक्षा केव्हा निर्माण झाली, या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

४

ती अपेक्षा हळूहळू निर्माण झाली. स्वीडनमध्ये हगॅनास येथे १९१० च्या सुमारास बंद मातीच्या भांड्यांत खनिज आणि कोळसा थरांनी भरून स्पंज आयर्न बनविण्यास प्रारंभ झाला. तेथे माल जागचा हलत नसल्याने चिकटण्याची तक्रार नव्हती. मार्टिन विबेर्ग यांनी त्याच देशात सोडरफोर्स येथे १९३० च्या दशकात उभ्या भट्टीचा प्रयोग केला, आणि खनिज चालते राहिले पाहिजे ही अट प्रथमच ठळकपणे पुढे आली. मेक्सिकोतील माँतेरे येथे १९५७ मध्ये नैसर्गिक वायूवर चालणारे जे कारखानी संयंत्र सुरू झाले त्यात पुन्हा स्थिर थराचाच आश्रय घेण्यात आला होता. त्याच परंपरेतील चालत्या थराची भट्टी १९८० मध्ये आली. दरम्यान अमेरिकेतील ओरेगन राज्यात पोर्टलँड येथे १९६९ मध्ये मिड्रेक्स पद्धतीची पहिली कारखानी भट्टी चालू झाली होती. या भट्टीच्या रचनेतच आत फिरणारे दाते बसविलेले असतात. घोस झालेच तर ते खाली उतरण्यापूर्वी फोडावेत हा त्यांचा हेतू. गोळ्या चिकटणार हे रचनाकारांनी गृहीत धरले होते, हे त्या दात्यांवरून स्पष्ट होते.

गोळ्यांची कहाणी याच काळात निराळ्या वाटेने आली. स्वीडनमधील आंदेर्सन यांनी १९१२ मध्ये गोळ्या वळण्याचे एकस्व घेतले होते. परंतु तिला मोठ्या उद्योगाचे रूप मिळाले ते मिनेसोटा विद्यापीठातील एडवर्ड डेव्हिस यांच्या प्रदीर्घ परिश्रमांनी. टॅकोनाइट नावाच्या हलक्या प्रतीच्या कठीण खडकातून लोह वेगळे काढावयाचे तर खडक पिठासारखा दळावा लागतो, आणि पीठ भट्टीत घालता येत नाही, म्हणून गोळ्या. १९५५-५६ मध्ये सुपीरिअर सरोवराच्या काठी सिल्व्हर बे येथे असा मोठा कारखाना सुरू झाला. आपल्याकडे गोव्यात खनिजाबरोबर निघणाऱ्या भुकटीचा प्रश्न होता. तेथे पाळे या गावी १९६७ मध्ये भारतातील पहिला गोळ्यांचा कारखाना निघाला. पुढे १९९० च्या दशकात रायगड जिल्ह्यात साळाव आणि डोलवी येथे उभ्या भट्ट्यांची संयंत्रे आली, आणि चिकटणाऱ्या गोळ्यांचा प्रश्न मराठी बोलणाऱ्या कामगारांच्या हाताखाली आला.

चिकटणे टाळण्याचा एक सोपा मार्ग सर्वांनाच दिसत होता : तापमान कमी ठेवावे. १९५० च्या दशकात अमेरिकेत एका पद्धतीत हायड्रोजनचा दाब बराच वाढवून बारीक खनिजाचे क्षपण सुमारे ५४० अंशांवर करण्यात आले. कण चिकटले नाहीत. परंतु उच्च दाबाचा आणि शुद्ध हायड्रोजनचा खर्च माथी आला. दर दहा-वीस अंशांमागे उत्पादनाचा वेग आणि इंधनाचा खर्च बदलत असल्याने 'चिकटू नये इतके थंड' म्हणजे नेमके किती, हा प्रश्न पैशाचा झाला, आणि मापनाची गरज खऱ्या अर्थाने तेथे उत्पन्न झाली.

५

मापावयाचे काय, हे मात्र स्पष्ट नव्हते. पहिला घोटाळा 'वाहणे' या शब्दात होता. धान्य वाहते आणि पाकही वाहतो. पण दोहोंचे नियम निराळे. ब्रेमेनचे अभियंते यान्सेन यांनी १८९५ मध्ये धान्याच्या कोठारांवर प्रयोग करून दाखविले होते की, कोठार कितीही उंच भरले तरी तळावरील दाब एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. उरलेला भार घर्षणामुळे भिंती उचलतात. पाण्याच्या बाबतीत असे कधीच घडत नाही. अँड्र्यू जेनिके यांनी १९६० च्या दशकात यूटा विद्यापीठाच्या पत्रिकांतून सुट्या मालाच्या वाहण्याचे शास्त्र मांडले. माल दाबाखाली राहिल्याने त्यास जे बळ येते आणि छिद्रावर कमान धरली असता त्या कमानीवर जो ताण पडतो, या दोहोंची तुलना करावी. बळ अधिक असेल तर माल अडेल, ताण अधिक असेल तर वाहील. 'हा माल वाहतो का?' या प्रश्नास मालाकडे पाहून उत्तर देता येत नाही. माल आणि पात्र या दोघांचा एकत्र विचार करावा लागतो, असा याचा इत्यर्थ.

दुसरा घोटाळा 'फुगणे' आणि 'चिकटणे' यांतील होता. काही गोळ्या क्षपणात अवाजवी फुगत. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता लोखंड सर्वत्र सारखे न वाढता केसासारख्या तंतूंच्या रूपाने बाहेर फुटलेले दिसे. हे तंतू गोळीला फुगवीत आणि शेजारच्या गोळीच्या तंतूंत गुंतत. म्हणजे चिकटण्याच्या दोन जाती निघाल्या : एक तंतूंच्या गुंत्याने झालेली पकड आणि दुसरी पृष्ठांच्या सांध्याने झालेली. फुगण्याचे स्वतंत्र माप यातूनच आवश्यक झाले. आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धतीत १८ गोळ्या ९०० अंशांवर तासभर क्षपित करून त्यांचे आकारमान शेकडा किती वाढले ते पाहतात.

तिसरा घोटाळा चिकटणे आणि मऊ होणे यांतील. झोतभट्टीत गोळ्या उभ्या भट्टीपेक्षा पुष्कळ अधिक तापतात. तेथे त्यांच्यातील मळी मऊ होते, गोळ्या चेपतात आणि अखेर द्रव होऊन ठिबकतात. भट्टीच्या पोटात हे कोठे आणि कसे घडते याविषयी दीर्घकाळ केवळ अनुमाने होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७० च्या दशकात जपानी संशोधकांनी हिगाशिदा, हिरोहाता इत्यादी ठिकाणच्या चालत्या झोतभट्ट्या एकाएकी थांबवून थंड केल्या आणि थराथराने उकलून पाहिल्या. पुरातत्त्वज्ञाने टेकाड खणावे तसे हे काम होते. आत मऊ झालेल्या खनिजाची एकावर एक कडी आढळली. प्रत्येक कड्यातील खनिज एकजीव होऊन वायूला जवळजवळ अभेद्य झाले होते, आणि वायू मधल्या कोकच्या थरांतून वाट काढीत होता. चिकट पट्ट्याचा आकार भट्टीची सारी वायुव्यवस्था ठरवितो, हे यानंतर सर्वमान्य झाले.

या ज्ञानामुळे मापनासही दिशा मिळाली. भाराखालील क्षपणाच्या प्रमाणपद्धतीत १०५० अंशांवर, दर चौरस सेंटीमीटरला सुमारे अर्धा किलोग्रॅम भाराखाली गोळ्यांचे क्षपण करतात आणि थरातून वायू ढकलण्यास लागणारा दाब पाहतात. गोळ्या मऊ होऊन चेपल्या की मधल्या फटी बुजतात आणि दाब चढतो. येथे मऊपणा प्रत्यक्ष कोणी चाचपून पाहत नाही; वायूची दमछाक तेवढी मोजली जाते.

६

उभ्या भट्टीतील घोसांसाठी याहून निराळी पद्धत ठरली. गोळ्या ८५० अंशांवर, हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे प्राधान्य असलेल्या वायूत, दर चौरस सेंटीमीटरला सुमारे दीड किलोग्रॅम भाराखाली ठेवतात. क्षपण शेकडा ९५ झाले की थर थंड करतात. बाहेर निघतो तो बहुधा एकसंध गठ्ठा. तो एका पिंपात घालून थोडे-थोडे फेरे देत फिरवितात आणि प्रत्येक टप्प्यानंतर न सुटलेले घोस किती उरले त्याचे वजन करतात. या वजनांवरून घोस-निर्देशांक काढतात.

हे वाचताना मला त्या निवृत्त पर्यवेक्षकांचे वाक्य आठवले. या पद्धतीत चिकटणे मोजलेलेच नाही. मोजले आहे ते सुटणे. हाताने सुटणारा घोस पहिल्या काही फेऱ्यांतच मोकळा होतो. हातोडी मागणारा शेवटपर्यंत टिकून राहतो. भट्टीच्या दृष्टीने पहिला निरुपद्रवी आहे, कारण भट्टीतील दाते त्यास सहज फोडतील. दुसरा घातक आहे. त्यांनी ज्याला हात आणि हातोडी म्हटले होते त्यालाच शास्त्रज्ञांनी पिंपाचे फेरे म्हटले.

आपल्या स्वयंपाकघरात अशा मापनाची एक जुनी परंपरा आहे. पाक 'एकतारी' झाला की 'दोनतारी', हे सुगरण बोटांच्या चिमटीत थेंब धरून आणि बोटे दूर करून ठरविते. 'एकतारी' या शब्दात पाकाची श्यानता किती याचे विधान नाही. अमुक कृती केली असता अमुक दिसेल, एवढेच आहे. नाव आणि कसोटी येथे एकच आहेत. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ पर्सी ब्रिजमन यांनी १९२७ मध्ये असे प्रतिपादन केले की, शास्त्रीय संकल्पनेचा अर्थ ती मापण्याच्या कृतींत सामावलेला असतो. गोळ्यांच्या निर्देशांकाचेही तसेच आहे. तो गोळीच्या अंगचा निसर्गदत्त गुण नव्हे. ठरावीक तापमान, ठरावीक वायू, ठरावीक भार आणि ठरावीक फेरे यांचा तो इतिवृत्तांत आहे. म्हणून दोन प्रयोगशाळांनी कृती एकसारखी केली तरच त्यांच्या आकड्यांची तुलना होऊ शकते. लोहखनिजाविषयीची आंतरराष्ट्रीय प्रमाण-समिती कृतीच्या बारीकसारीक तपशिलांवर इतका खल करते त्याचे कारण हेच.

अर्थात यात एक धोकाही आहे. माप मिळाले की मूळ वस्तू विसरली जाते. गोळ्यांवर चुना, सिमेंट अथवा बॉक्साइट यांचा पातळ लेप दिल्यास गोळीस गोळी सहज धरत नाही, हे ज्ञात आहे. अशा लेपांमुळे भट्ट्यांचे तापमान वाढविता आले आणि उत्पादनही वाढले. परंतु प्रयोगशाळेतील लेप स्थिर थरात जागच्या जागी राहतो. भट्टीत गोळ्या एकमेकींवर घासत उतरतात आणि लेपाचा काही भाग धूळ होऊन वायूबरोबर जातो. निर्देशांक चांगला आला म्हणून भट्टी सुरळीत चालेलच, असे म्हणता येत नाही. झोतभट्टी उकलून पाहणाऱ्यांनी अनुमानांऐवजी प्रत्यक्षाकडे जाण्याचा जो धडा घालून दिला तो येथेही लागू आहे.

७

हा प्रश्न आता पुन्हा ऐरणीवर आला आहे. कोळशाच्या आणि नैसर्गिक वायूच्या धुराने वातावरण तापत असल्याने केवळ हायड्रोजनने क्षपण करण्याचे प्रयत्न चालू आहेत. स्वीडनमधील लुलेओ येथे २०२० मध्ये असे प्रायोगिक संयंत्र सुरू झाले. प्रचलित निर्देशांकाची कसोटी कार्बनयुक्त वायूत ठरलेली आहे. कार्बनयुक्त वायूत लोखंडाच्या पृष्ठावर कार्बन बसू शकतो आणि तो लगट काहीशी कमी करतो. शुद्ध हायड्रोजनमध्ये हे आवरण मिळत नाही. शिवाय हायड्रोजनचे क्षपण उष्णता शोषून घेते, म्हणून वायू अधिक तापवून सोडण्याचा मोह होतो. जुन्या वायूत मिळालेला आकडा नव्या वायूत जसाच्या तसा वापरणे म्हणजे गुळाच्या पाकाची खूण साखरेच्या पाकास लावण्यासारखे होय. स्पंज आयर्नच्या उत्पादनात भारत जगात अग्रस्थानी आहे, आणि त्यातील बराच मोठा भाग कोळशावर चालणाऱ्या फिरत्या भट्ट्यांतून येतो. तेथे चिकटणे भट्टीच्या भिंतीवर थर चढण्याच्या रूपाने प्रकट होते. तेव्हा हा विवेक आपल्यालाही टाळता येणार नाही.

परिभाषेपुरते बोलावयाचे तर, प्रस्तुत लेखकाची सूचना अशी आहे की, पृष्ठांच्या सांध्याने होणाऱ्या क्रियेस 'तापपिंडन', तिच्यातून बनणाऱ्या समूहास 'घोस', आणि मळीच्या पातळ होण्याने येणाऱ्या अवस्थेस 'मृदुभवन' असे तीन स्वतंत्र शब्द योजावेत. 'चिकटणे' हे क्रियापद सामान्य बोलण्यासाठी मोकळे ठेवावे. हे शब्द अंतिम आहेत असा आग्रह नाही. भट्टीवर काम करणाऱ्यांच्या तोंडी याहून नेमके शब्द असण्याचा पुष्कळ संभव आहे; एका बैठकीत त्याचा प्रत्यय आलाच आहे. कारखान्यांत वापरात असलेले असे शब्द, त्यांच्या अर्थाच्या छटांसह, वाचकांनी विभागाकडे कळविल्यास त्यांची नोंद कृतज्ञतापूर्वक घेतली जाईल.